कॉलर शिवायची, लावायची की बसवायची?

प्रश्न एका आजींचा आहे. नातीचा फ्रॉक घरीच शिवताना त्यांनी शिवणक्लासच्या बाईंना सांगितलं, ‘गोल कॉलर शिवून झाली.’ बाई म्हणाल्या, ‘झाली ना? मग आता बसवा.’ आजींना शंका आली, की हे ‘बसवा’ हिंदीच्या वळणाचं तर नाही? ‘लावा’ किंवा ‘जोडा’ म्हणायला हवं का?

बाईंचं मराठी चोख आहे. आपण कुऱ्हाडीला दांडा बसवतो, कोंदणात खडा बसवतो, खिडकीला काच बसवतो. एका वस्तूत जागा आधीच तयार आहे आणि दुसरी त्या जागेच्या मापात आणायची आहे, तिथे हे क्रियापद येतं. कपड्यात अशा जागा मुख्यतः दोन, गळा आणि मुंढा (बाहीसाठी कापलेली जागा). म्हणून कॉलर बसवतात, बाही बसवतात. लेस, बटण, साडीचा फॉल लावतात, कारण त्यांच्यासाठी कापडात आधी जागा कापलेली नसते. खांदे जोडतात, परकराच्या कळ्या जोडतात. तिथे दोन कडा नुसत्या भेटवायच्या असतात. चेन मात्र कोणी लावतं, कोणी बसवतं. बोलीत इतकी ढिलाई चालायचीच.

आणि ‘शिवणे’? आजींनी शिवली ती कॉलर अजून सुटीच होती. दोन पदर सुलट बाजू आत ठेवून बाहेरच्या गोलाईवर टीप मारायची, शिवणीच्या मायेला, म्हणजे टिपेबाहेर राखलेल्या कापडाला, बारीक कातरे द्यायचे, उलटवून इस्त्री करायची. इथवर शिवणे. बसवणे पुढे.

गोल कॉलर बेतताना फ्रॉकच्या पुढच्या-मागच्या भागाचे कापलेले कागदी नमुने खांद्याशी एकत्र ठेवतात. गळ्याच्या टोकाला ते जुळवतात, पण मुंढ्याकडच्या टोकाला साधारण अर्धा इंच एकमेकांवर चढवतात. त्यामुळे कॉलरच्या बाहेरच्या कडेची लांबी कमी होते, कॉलर गळ्यापाशी किंचित उचलून मग खाली वळते आणि शिवण झाकली जाते. पण याच युक्तीने कॉलरची आतली कड गळ्यापेक्षा जरा सरळ होते. म्हणजे लांबी सारखी, वळण वेगळं. मध्य आणि खांदे जुळवून कच्चे टाके घालायचे, वरून उरेब (तिरकी कापलेली) पट्टी ठेवून टीप मारायची, मायेला कातरे देऊन पट्टी आत वळवून हातशिलाई करायची, हा सगळा खटाटोप ती दोन वळणं एकमेकांत मुरवण्यासाठी. ‘लावा’ म्हटलं असतं तर यातलं काहीच कानावर आलं नसतं.

पुरावा हवा असेल तर तक्रारीची भाषा ऐका. ‘कॉलर नीट बसली नाही, मागून उठते.’ बसणे-उठणे ही जोडी आपोआप येते. ‘लागली नाही’ असं कोणी म्हणत नाही.

आजींनी जाता जाता विचारलंय, कॉलरला मराठी शब्द नाही का? कोशात ‘गळपट्टी’ आहे. मला तो पटत नाही. तो ऐकला की मला आधी कुत्र्याचा पट्टा आठवतो. शिवाय ‘कॉलर’चं मूळ लॅटिन ‘कोलुम’, म्हणजे मानच. या गोल कॉलरला काही शिंपी ‘बेबी कॉलर’ म्हणतात, तर शिवणाच्या पुस्तकांत ‘पीटर पॅन कॉलर’ असतं. हे नाव न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरून आलं. १९०५ साली मॉड अॅडम्स या अभिनेत्रीने तिथे ‘पीटर पॅन’ नाटकात त्याच नावाच्या मुलाची भूमिका केली, तिच्या पोशाखाची कॉलर लोकांना आवडली आणि नाव चिकटलं.

फ्रॉकपुरतं ‘गोल कॉलर’ पुरेसं आहे. आणि हो, कातरे देताना टिपेच्या दोऱ्याला धक्का लागू देऊ नका.