'बर्ड' चित्रपटात वाजणारा सॅक्सोफोन खरंच चार्ली पार्करचा आहे का?

हो, बहुतेक ठिकाणी खुद्द पार्करचाच. अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक पार्करच्या आयुष्यावरच्या, क्लिंट ईस्टवुडच्या या चित्रपटात (1988) फॉरेस्ट व्हिटेकर त्याचा फक्त अभिनय करतो.

पार्कर 1955 साली, अवघ्या 34 व्या वर्षी गेला. त्याची ध्वनिमुद्रणं मोनो आहेत, म्हणजे सगळी वाद्यं एकाच ट्रॅकवर मिसळलेली. संगीतकार लेनी नीहाउस याने फिल्टर लावून त्यातले जुने बेस, पियानो आणि ड्रम जमेल तितके दाबले, सॅक्सोफोन वेगळा काढला आणि नव्या वादकांकडून बाकीची साथ स्टीरिओत वाजवून घेतली. पार्करची जोडीदार चॅन पार्कर हिने जपलेली खासगी मुद्रणंही वापरली. या ध्वनीकामाला ऑस्कर मिळालं.

खोट मात्र इथेच आहे. जॅझमध्ये साथीदार आणि एकल वादक क्षणोक्षणी एकमेकांना उत्तर देतात, तबला आणि सतारीत घडतं तसंच. इथे साथीदार पार्करचं ऐकतात, पण पार्कर त्यांचं ऐकू शकत नाही. म्हणून सॅक्सोफोन कधीकधी बँडच्या आत नाही, वर चिकटवल्यासारखा वाटतो. फिल्टरमुळे त्याच्या आवाजाची धारही थोडी बोथट होते.

चित्रपट व्यसन आणि दुःखावर इतका रेंगाळतो की पार्करची तल्लख बुद्धी मागे पडते, हे मला खटकतं. त्यामुळे आधी पार्करचं 1945 चं 'को-को' हे ध्वनिमुद्रण मूळ मोनोत ऐका, अगदी हेडफोन लावून. तीन मिनिटांपेक्षा कमी आहे. दोनतीनदा ऐकून मग चित्रपट पाहा.