वाचकांचे प्रश्न : एकच फील्ड, दोन रेकॉर्ड

प्रश्न : वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका अडत्यासाठी ओकॅमल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हिशेबाचा प्रोग्रॅम लिहितो आहे. आधी 'गाळा' हे रेकॉर्ड, म्हणजे नावे दिलेल्या कप्प्यांचा (फील्डांचा) संच : क्रमांक, नाव. त्याखाली 'लॉट' : क्रमांक, वजन, दर. एक फंक्शन 'क्ष' घेते आणि 'क्ष.क्रमांक' परत देते. लॉट दिला की चालते, गाळा दिला की एरर. क्रमांक दोन्हीकडे पूर्णांकच आहे, मग अडते कुठे?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : एरर दिसते ती फंक्शन वापरलेल्या ओळीवर, पण निर्णय झालेला असतो फंक्शन लिहिले तिथे. 'क्ष' कोण हे ठाऊक नसताना 'क्ष.क्रमांक' समोर आले की ओकॅमल 'क्रमांक' असलेला सर्वांत शेवटी जाहीर झालेला टाइप (मूल्याचा प्रकार; इथे गाळा किंवा लॉट) उचलतो. तुमच्याकडे तो लॉट. फंक्शनचा टाइप 'लॉटपासून पूर्णांक' (लॉट घ्यायचा, पूर्णांक द्यायचा) असा तिथेच पक्का होतो. पुढे गाळा आला की 'हा गाळा आहे, इथे लॉट हवा होता' अशी तक्रार येते. दोन्ही टाइपांची जागा अदलाबदल करून पाहा. एररही उलटी होईल.

उपाय पॅरामीटरवरच, म्हणजे फंक्शन घेते त्या 'क्ष'वरच करा : कंसात 'क्ष : गाळा' लिहा. 4.01 आवृत्तीपासून (2013) कंपायलर (प्रोग्रॅम तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा) आधी कळलेल्या टाइपवरून फील्ड निवडतो. 'आधी' हा शब्द महत्त्वाचा. फील्ड वापरून झाल्यावर खाली कुठेतरी टाइप लिहिला तर उशीर झालेला असतो. रेकॉर्ड तयार करताना मात्र ही अडचण येत नाही, कारण तिथे क्रमांक आणि नाव ही दोन्ही फील्ड एकत्र दिसतात आणि ती जोडी फक्त गाळ्यातच आहे.

अशा जागा शोधायला 41 नंबरची वॉर्निंग आहे. ती मुळात बंद असते. कंपायलरला 'डॅश डब्ल्यू प्लस 41' देऊन सुरू करा. आमचे मत विचाराल तर मोठ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक रेकॉर्ड स्वतःच्या मोड्यूलमध्ये (प्रोग्रॅमच्या नाव दिलेल्या वेगळ्या भागात) ठेवा आणि मधे मोड्यूलचे नाव घालून 'क्ष.गाळा.क्रमांक' असे लिहा. दोन अक्षरे जास्त टंकावी लागतात, पण वाचणाऱ्यालाही शंका उरत नाही.

प्रश्न : मग एल्म या दुसऱ्या भाषेत हेच फंक्शन दोन्ही रेकॉर्डांना कसे चालते?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : एल्म फील्डवरून टाइपचे नाव शोधतच नाही. 'क्रमांक हे फील्ड आणि बाकी काहीही' असा टाइप तो काढतो. त्या 'बाकी काहीही'साठी एक चल असते, त्याला रो व्हेरिएबल म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ मिचेल वँड यांनी 1987 मध्ये ही कल्पना मांडली. गाळा दिला की त्या चलाच्या जागी 'नाव' बसते, लॉट दिला की 'वजन, दर'. ओकॅमलच्या रेकॉर्डांत ही सोय नाही, ऑब्जेक्टमध्ये (माहिती आणि तिची फंक्शने, म्हणजे मेथड, एकत्र ठेवणाऱ्या रचनेत) आहे : टिंबाऐवजी हॅश वापरून 'क्ष#क्रमांक' लिहिलेत तर तेच फंक्शन क्रमांक ही मेथड असलेल्या कुठल्याही ऑब्जेक्टला चालेल.

प्रश्न : एफ शार्प या भाषेत 'लिस्ट.मॅप'ला (यादीतल्या प्रत्येकावर फंक्शन चालवणारे) आधी 'क्ष.क्रमांक' देणारे फंक्शन आणि मग गाळ्यांची यादी दिली तर एरर येते, यादी पाइपने (डावीकडचे मूल्य उजवीकडच्या फंक्शनला देणारे चिन्ह) आधी दिली तर चालते. असे का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : एफ शार्प टाइप डावीकडून उजवीकडे काढत जातो. पाइपमुळे यादी आधी वाचली जाते, त्यामुळे आतल्या फंक्शनपाशी पोचेपर्यंत 'क्ष' हा गाळा आहे हे ठरलेले असते. यादी शेवटी असेल तर तिथेही शेवटी जाहीर झालेला टाइपच धरला जातो.