जमीन स्वस्त आहे, मग आयटी आमच्या तालुक्यात का येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: एमआयडीसीत प्लॉट रिकामे पडलेत, समृद्धीचा इंटरचेंज जवळ आहे, तरी डेटा सेंटर (सर्व्हर ठेवायच्या इमारती) ऐरोली-महापेला आणि सॉफ्टवेअर कंपन्या हिंजवडीलाच का जातात? पुस्तकात तर लिहिलंय की सेवा उद्योगांना कच्चा माल लागत नाही, ते कुठेही चालतात.

पुस्तकातलं वाक्य अर्धंच खरं आहे. कच्चा माल लागतो, फक्त तो ट्रकने येत नाही. धंद्याची जागा ओळखायची तर एकच विचारायचं: काय मिळालं नाही तर काम आजच्या आज बंद पडेल? जमिनीचा दर त्या यादीत फार खाली असतो. आणि ‘आयटी’ हा काही एकच धंदा नाही, त्यामुळे प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं.

डेटा सेंटरचं उत्तर वीज आणि फायबर, म्हणजे इंटरनेटची काचतंतूची केबल. सर्व्हरचा लोड 10 मेगावॉट असेल तर कूलिंग वगैरे धरून 15 मेगावॉटच्या आसपास लागतात. हा लोड बारा महिने चोवीस तास चालला तर वर्षाला 13 कोटींवर युनिट होतात. म्हणजे युनिटमागे 1 रुपयाचा फरक पडला तरी वर्षाला 13 कोटींचा फरक. स्वस्त प्लॉटची बचत यात कुठल्या कुठे जाते. ऐरोली-महापे ज्यात येतात त्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात जुन्या कारखान्यांचे प्लॉट मोकळे होत गेले, कळव्याचं 400 केव्हीचं उपकेंद्र शेजारीच आहे आणि परदेशातून येणाऱ्या समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. त्यात 2018 साली रिझर्व्ह बँकेने पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायचा आदेश काढला, आणि बँकांची मुख्य कार्यालयं मुंबईत. गिऱ्हाईकही दारातच.

अंतराचा हिशेब सोपा आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. 800 किलोमीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन किमान 8 मिलिसेकंद, मधल्या उपकरणांचा वेळ वेगळा. वेबसाइट बघणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. पण शेअरची ऑर्डर टाकणाऱ्याला हे परवडत नाही, आणि दोन ठिकाणी एकाच क्षणी नोंद करणाऱ्या बँकेच्या डेटाबेसलाही नाही. म्हणून डेटाची जवळची दुसरी प्रत त्याच महानगराच्या परिसरात ठेवतात. लांबची, म्हणजे आपत्तीसाठीची, हैदराबादसारख्या वेगळ्या भूकंप-विभागातल्या, वेगळ्या ग्रिड लाइनवरच्या शहरात.

गफलत होते ती ‘विजेचे दोन सोर्स आहेत’ या शब्दांत. दोन फीडर (वीज आणणाऱ्या लाइन) दोन उपकेंद्रांतून आले, पण दोन्ही उपकेंद्रं वर एकाच 220 केव्ही लाइनवर लटकलेली असली, तर कागदावर दोन, प्रत्यक्षात एक. खुद्द मुंबईत 12 ऑक्टोबर 2020 ला कळवा-पडघा लाइन बंद पडल्या आणि महानगराचा मोठा भाग अंधारात गेला. म्हणून जनरेटर हवेच. बॅटरी फक्त ते चालू होईपर्यंतची काही मिनिटं सांभाळते. 15 मेगावॉट एक दिवस डिझेलवर चालवायचे तर सुमारे 90 हजार लिटर लागतं. तेवढ्या साठ्याला पेसोचा, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षिततेच्या केंद्रीय संस्थेचा, परवाना लागतो.

फायबरचंही तसंच. दोन कंपन्यांची दोन कनेक्शन घेतलीत, पण दोघांच्या केबल रस्त्याकडेला एकाच चरात. रुंदीकरणाचा जेसीबी एका घासात दोन्ही तोडतो. कंपनीचं नाव विचारू नका, रूटचा नकाशा मागा, आणि दोन केबल इमारतीत दोन वेगळ्या बाजूंनी शिरतात का ते बघा.

एवढं सगळं जुळवून डेटा सेंटर आणलंच, तरी रोजगार किती? शिफ्टला काही डझन माणसं, त्यात सिक्युरिटी आणि हाउसकीपिंग धरून. पोरांना नोकऱ्या हव्यात म्हणून डेटा सेंटर मागणाऱ्या पुढाऱ्यांनी हा आकडा आधी विचारावा.

सॉफ्टवेअरचा कच्चा माल माणूस. पुण्यात सीओईपी हे सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज 1854 पासून आहे, 1983 नंतर विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांची रांग लागली, सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था 1988 ला आली. एसटीपीआय या सॉफ्टवेअर निर्यातीसाठीच्या सरकारी संस्थेच्या सुरुवातीच्या केंद्रांत पुणे होतं. उपग्रहाची लिंक आणि निर्यातीवरची करसवलत दोन्ही तिथून मिळायच्या. ती जुनी करसवलत 2011 ला संपली, तरी हिंजवडी रिकामी झाली नाही. कारण साधं आहे: राजीनामा दिला तर घर न बदलता दुसरी नोकरी मिळते, आणि नवरा-बायको दोघांनाही मिळते. गावात एकच कंपनी असेल तर अनुभवी माणूस यायलाच घाबरतो. ट्रॅफिकला शिव्या देत लोक हिंजवडीत टिकतात ते यामुळे.

तालुक्याला खरोखर जमण्यासारखं काय, तर मराठीतून बोलणारं 50 ते 100 सीटचं (एकावेळी तेवढी माणसं बसणारं) बीपीओ, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचं काम करून देणारं कॉल सेंटर: बँक, विमा, डीटीएचची ग्राहकसेवा. केंद्राची बीपीओ प्रोत्साहन योजना याच कल्पनेवर होती. 48,300 सीट, सीटमागे 1 लाखापर्यंत मदत, आणि मुंबई-पुण्यासारखी महानगरं वगळलेली. ती 2019 ला बंद झाली, पण मांडणी आजही लागू आहे. 100 सीटला 8 ते 10 हजार चौरस फूट, 60-70 किलोवॉट लोड, 100-125 केव्हीएचा जनरेटर आणि दोन दिशांनी येणारं फायबर पुरतं. वर्षाला तीस-पस्तीस माणसं सोडून जातील असं धरा. तेवढी नवी माणसं 20 किलोमीटरच्या परिघातून दरवर्षी मिळतात का, हे जमीन बघण्याआधी कॉलेजांत जाऊन मोजा. महावितरणच्या कार्यालयातून त्या फीडरच्या वर्षभरातल्या ट्रिपिंगची (वीज किती वेळा गेली याची) नोंद काढा. पावसाळ्याचे महिने वेगळे बघा.

आणि शेवटची एसटी किती वाजता सुटते ते बघा. शिफ्ट रात्री 9 ला सुटत असेल आणि गाडी साडेसातची, तर मुली पहिल्याच महिन्यात सोडतात. साडेनऊनंतर मुलींना कामावर ठेवायचं तर राज्याच्या 2017 च्या दुकाने-आस्थापना कायद्याप्रमाणे त्यांची संमती आणि सुरक्षिततेची सोय लागते. म्हणून शिफ्ट सकाळी 8 ते संध्याकाळी 5 अशीच मागणारं गिऱ्हाईक आधी शोधा, प्लॉट नंतर.