जुन्या मोटारीच्या इंजिनाची गॅस्केट पुन्हा बसवावीत का?

तुमची मोटार १९३० च्या दशकातली आहे, इंजिन उघडताना बहुतेक गॅस्केट (दोन भागांच्या सांध्यातून गळती होऊ नये म्हणून मध्ये घातलेले पातळ थर) न फाटता निघाली, नवा संच सहज मिळत नाही, आणि म्हणून हीच गॅस्केट परत बसवली तर चालतील का, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर असे, की हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडरांचा ब्लॉक आणि त्यावरचे झाकण (हेड) यांच्यामधले गॅस्केट, निव्वळ तांब्याचे नसेल तर ते परत वापरू नका. बाकीच्यांचा निर्णय एकेक गॅस्केट हातात घेऊन करा. तो करताना गॅस्केट दिसायला किती चांगले आहे याला फारसे महत्त्व देऊ नका. ते काय अडवून धरते आणि त्याने दगा दिला तर काय बिघडेल, हे आधी पाहा.

यंत्रावर सपाट केलेल्या धातूच्या पृष्ठभागावरही बारीक रेघा आणि उंचसखलपणा उरतोच. बोल्ट आवळले की गॅस्केटचा मऊ पदार्थ त्या खोलगट जागांत शिरतो आणि गळतीची वाट बुजते. त्यानंतरचे काम लवचीकतेचे असते. इंजिन तापले की हेड, ब्लॉक आणि बोल्ट वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, थंड झाले की आकुंचन पावतात, आणि या हालचालीबरोबर गॅस्केटने किंचित दबायचे आणि पुन्हा किंचित फुगायचे असते. वर्षानुवर्षे उष्णता आणि दाब सोसलेल्या गॅस्केटमध्ये हे फुगणे जवळजवळ संपलेले असते. ते जागेवर असेपर्यंत गळत नाही, कारण दोन्ही बाजूंचा प्रत्येक ओरखडा त्याच्यावर उमटलेला असतो. मात्र एकदा उचलले की ते ठसे पुन्हा तंतोतंत जुळत नाहीत, आणि नवे ठसे घेण्याइतका मऊपणाही त्यात राहिलेला नसतो. म्हणूनच न फाटता निघालेले गॅस्केट हे चांगले गॅस्केट असेलच असे नाही.

त्या काळातली बरीच हेड गॅस्केट तांब्याच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉसचा थर घालून केलेली असत. अशी गॅस्केट परत बसवूनही गाडी चालल्याचे सांगणारे जुने मेकॅनिक तुम्हाला भेटतील, आणि त्यांचे म्हणणे खोटे नसते. १९२७ ते १९३१ या काळात बनलेल्या फोर्ड मॉडेल ए चे कॉम्प्रेशन प्रमाण (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते) अवघे ४.२२ : १ होते, आजच्या पेट्रोल इंजिनांत ते साधारण १० : १ किंवा त्याहून जास्त असते. कमी दाबाची ती इंजिने पुष्कळ काही खपवून घेत. परंतु दाब कमी असला तरी दोन सिलिंडरांमधली गॅस्केटची पट्टी अरुंदच असते, आणि तिथून एकदा जळता वायू निसटू लागला की तो ब्लॉकच्या किंवा हेडच्या धातूतच चर पाडत जातो. पाण्याच्या भोकाजवळ गॅस्केट उडाले तर पाणी किंवा कूलंट तेलात मिसळते, आणि त्या काळातल्या इंजिनांमधल्या पांढऱ्या धातूच्या (मऊ मिश्रधातूच्या) ओतीव बेअरिंगांना ते मारक ठरते. गॅस्केट आज ना उद्या मिळेल किंवा करून घेता येईल. तसा ब्लॉक आणि ती बेअरिंगे मिळणे फार कठीण आहे. वाचणारी रक्कम आणि पणाला लागणारी वस्तू यांचा मेळ इथे बसत नाही.

काढलेले हेड गॅस्केट लगेच टाकून मात्र देऊ नका. सिलिंडरच्या कडेवरून बाहेर गेलेली काजळीची रेघ किंवा पाण्याच्या भोकापासून निघालेला गंजाचा ओघळ दिसला, तर नेमक्या त्याच जागी हेड किंवा ब्लॉक तपासा. सरळ धारेची पट्टी लांबीत, रुंदीत आणि तिरकी अशी ठेवून खालून फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पाती) घालून पाहा. ०.०५ मिलिमीटरचे पाते शिरत नसेल तर पृष्ठभाग ठीक समजावा; ०.१० चे पाते सहज शिरत असेल, तर यंत्रावर सपाट करून घेतल्याशिवाय नवे गॅस्केटही टिकणार नाही.

निव्वळ तांब्याच्या पत्र्याचे गॅस्केट असेल तर गोष्ट वेगळी आहे. दाबाखाली तांबे कडक होते, आणि तापवले की पुन्हा मऊ होते. गॅस्केट स्वच्छ करून सपाट आधारावर ठेवावे, गॅसच्या ज्योतीने सगळीकडून सारखे तापवत मंद लाल रंगापर्यंत न्यावे आणि थंड होऊ द्यावे. पोलादाप्रमाणे तांबे पाण्यात विझवल्याने कडक होत नाही, त्यामुळे हवेत थंड केले काय किंवा पाण्यात बुडवले काय, मऊपणात फरक पडत नाही. पाण्यात बुडवल्यास काळी पापडी मात्र बरीचशी सुटून येते. उरलेली बारीक पॉलिश पेपरने काढावी. आता ते इतके मऊ झालेले असते की एका टोकाला धरून उचलले तरी वाकते, म्हणून दोन्ही हातांनी आधार द्यावा. त्यावर कुठेही चीर, आरपार टोचा किंवा कडेला पातळ झालेला भाग दिसला, तर ते बाद करावे. ऑइल ड्रेन प्लगचे तांब्याचे वायसरही याच रीतीने पुन्हा कामाला येतात, आणि हे मी स्वतः निःशंकपणे करतो. ब्रेकच्या नळ्यांवर मात्र नेहमी नवेच वायसर घालावेत.

ही तापवण्याची युक्ती ॲस्बेस्टॉस भरलेल्या गॅस्केटवर कधीही करू नका. कडेला दोन पत्रे दुमडलेले दिसले किंवा मधून करडे-पांढरे तंतू डोकावत असले, तर ते ॲस्बेस्टॉसच आहे असे धरून चाला. ते काढताना साबणाच्या पाण्याची फवारणी करून ओले ठेवा, सूक्ष्म कण अडवणारा योग्य दर्जाचा मुखवटा लावा, कोरडे खरवडू नका, ड्रिलला तारेचा ब्रश लावून घासू नका आणि हवेच्या दाबाने फुंकू नका. तुकडे ओले असतानाच पिशवीत घालून तिचे तोंड बंद करा. फुप्फुसात गेलेल्या या तंतूंचे दुष्परिणाम अनेक वर्षांनी दिसतात, म्हणून आज काही त्रास झाला नाही याचा अर्थ काम सुरक्षितपणे झाले असा होत नाही.

कमी दाबाच्या जागी तुम्हाला बरीच मोकळीक आहे. टॅपेट कव्हरचे (व्हॉल्व्हांच्या यंत्रणेवरच्या झाकणाचे) बुचाचे, म्हणजे कॉर्कचे, गॅस्केट वाकवल्यावर तडकत नसेल, तर कव्हरच्या बाजूला चिकटवून आणि दुसऱ्या बाजूला ग्रीसचा हलका हात देऊन ते पुन्हा बसवता येते. गळलेच तर चार थेंब तेल बाहेर दिसेल आणि इंजिनाचे काही बिघडणार नाही. तिथली गळती पुष्कळदा गॅस्केटमुळे नसतेच. जास्त आवळलेल्या बोल्टांनी पत्र्याच्या कव्हरची भोके खाली दबलेली असतात, आणि ती लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीने सपाट केल्याशिवाय कोणतेही गॅस्केट तिथे टिकत नाही. ऑइल संपचे (इंजिनाखालच्या तेलाच्या पात्राचे) गॅस्केट बदलायला पुष्कळ खोलावे लागत असेल, तर ते नवेच घाला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (सिलिंडरांतून जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाची) गॅस्केटही नवी घ्या, कारण ती जळून ठिसूळ झालेली असतात. कागदी गॅस्केट परत वापरण्याचे तर कारणच नाही, कारण ती घरीच कापता येतात.

कापताना जाडीकडे लक्ष असू द्या. काही ठिकाणी गॅस्केट गळती थांबवण्याबरोबरच दोन भागांमधले अंतरही ठरवते. ऑइल पंपाच्या झाकणाखालचा पातळ कागद दात्यांच्या चाकांना वर-खाली किती जागा मिळेल ते ठरवतो; तिथे जाड कागद घातला तर झाकणातून एक थेंबही गळणार नाही, पण चाकांच्या कडेने तेल मागे सरकेल आणि दाब पडेल. म्हणून जुने गॅस्केट मायक्रोमीटरने मोजा, ते दबलेल्या अवस्थेतले माप आहे हे ध्यानात ठेवा, आणि बसवल्यानंतरचे अंतर इंजिनाच्या पुस्तिकेतल्या मापाशी ताडून पाहा.

यासाठीच प्रत्येक जुने गॅस्केट जपून ठेवावे, असा माझा आग्रह आहे. सपाट पुठ्ठ्यावर ठेवून मोजपट्टीसह त्याचे छायाचित्र घ्या आणि त्यावर जागेचे नाव लिहा. जुन्या गाड्यांची गॅस्केट करून देणारे कारागीर नमुन्यावरून तांब्याची आणि ॲस्बेस्टॉसविरहित संमिश्र पदार्थाची हेड गॅस्केट बनवतात. नमुना फाटका असला तरी चालतो. सिलिंडरचा व्यास, स्टडच्या (हेड आवळून धरणाऱ्या आटेदार दांड्यांच्या) भोकांमधली अंतरे आणि दबलेली जाडी एवढे अचूक मिळाले पाहिजे. ॲस्बेस्टॉसचा नमुना सीलबंद पारदर्शक पिशवीतच ठेवावा आणि घेणाऱ्याला तसे आधी सांगावे. जुन्या साठ्यातले न वापरलेले गॅस्केट मिळाले तर त्याला घडी पडलेली नाही ना, हे पाहूनच घ्या. तेही ॲस्बेस्टॉसचे असण्याची शक्यता धरा.

सिलिकॉन सीलंटचा जाड थर देऊन थकलेले गॅस्केट वाचवण्याचा मोह टाळा. बाहेर दिसणाऱ्या लगद्याइतकाच लगदा आतही पिळला जातो, तो सुटून ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो आणि तेलाची वाट अडवतो. शिवाय साधे सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगते, म्हणून कार्बुरेटरजवळ ते नकोच.

हेड बसवताना स्टडचे आटे स्वच्छ करा, नट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, पुस्तिकेतल्या क्रमाने, तीन टप्प्यांत टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळा. संमिश्र गॅस्केट पहिल्यांदा तापल्यावर आणखी थोडे दबते, त्यामुळे इंजिन एकदा पूर्ण तापवून, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गरम किंवा थंड अवस्थेत नट पुन्हा तपासा, आणि थोडे अंतर चालवल्यावर आणखी एकदा तपासा. त्या दिवसांत रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का, पाण्याची पातळी उतरते का आणि डिपस्टिकवरचे तेल दुधाळ दिसते का, हे रोज पाहत जा. यातले काहीही आढळले तर गाडी तिथेच थांबवून हेड पुन्हा उघडा.