डोक्यावरचा पदर आणि खिशातली टोपी

चि. बाळ,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मिळालं. चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायला तू कुर्ता आणि जीन्सवर उभी राहिलीस, ओढणी नव्हती, आणि भक्ती सुटल्यावर एका पंचांनी चारचौघांत तुला सुनावलं. त्याच भक्तीत गिटार वाजवणाऱ्या पोराची जीन्स गुडघ्यावर फाटलेली होती, त्याला कुणी हटकलं नाही, हेही तू लिहिलंस. तुझा राग खोटा नाही. पण राजीनामा लिहून ठेवला असशील तर फाडून टाक. संडे स्कूलची पोरं तुझ्यावाचून वाऱ्यावर पडतील, आणि पंचांना त्याचं सोयरसुतक नसेल.

आधी शास्त्राचं बघू, कारण वाद निघाला की ते प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय काढणार. काढू दे. फक्त तो त्यांच्यासोबत सबंध वाच. बाईने प्रार्थना करताना आणि संदेश देताना डोकं झाकावं, असं पौल पाचव्या वचनात सांगतो. म्हणजे बाया भक्तीत मोठ्याने प्रार्थना करत होत्या, संदेश देत होत्या, हे तो धरूनच चालला आहे. पदराचं वचन ज्यांना तोंडपाठ असतं त्यांना हे नेमकं आठवत नाही. आपल्याकडे किती मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, बाईने पदर तर घ्यायचा, पण व्यासपीठाची पायरी चढायची नाही! चौदाव्या वचनात पुरुषाच्या लांब केसांनाही पौलाने नावं ठेवली आहेत. गिटारवाल्याचे केस खांद्याला टेकलेत की नाही, तूच बघ.

शिवाय पुरुषाने डोकं उघडं ठेवावं, हेही तिथेच आहे. आता आपल्या खानदेशात बघ. लग्नात, पंगतीत, सोयरिकीच्या बैठकीत जुन्या माणसाच्या डोक्यावर टोपी हवीच. बोडक्याने वडीलधाऱ्यांपुढे जाणं बरं दिसत नाही. तोच माणूस रविवारी चर्चच्या दारात चपला काढतो, टोपी काढतो, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवतो. तासभर तिचं पांढरं टोक खिशातून डोकावत असतं. आशीर्वाद संपून उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की हात आधी खिशाकडे जातो, मग चपलांकडे. बाहेर जो अदब, तो आत बेअदबी, आणि या म्हाताऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. करिंथ ग्रीसमधलं असलं तरी पौलाच्या काळात ती रोमी वसाहत होती, आणि रोमी पुरुष आपल्या देवांना बळी वाहताना अंगावरच्या वस्त्राचं टोक डोक्यावर ओढून घेत. पौल लिहीत होता तो असल्या रीतीभातींच्या गावाला. कॅथलिकांनी तर 1917च्या धर्मसंहितेत बायांनी डोकं झाकावं असा नियमच घातला होता. 1983ची नवी संहिता आली, तिच्यात तो ठेवला नाही.

कुणी जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं 22:5 काढेल: बाईने पुरुषाचा पेहराव करू नये. तोही अध्याय पुढे वाच. आठवं वचन म्हणतं, नवं घर बांधशील तर धाब्याला कठडा घाल. आपल्याकडे एवढी धाब्याची घरं. कठडा नसलेल्या धाब्यावरून पंचमंडळाने कधी ठराव केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. अकरावं वचन लोकर आणि ताग मिसळून विणलेलं कापड घालू नका म्हणतं. आणि तीमथ्याच्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, गुंफलेले केस, सोनं, मोती, भारी वस्त्रं यांची यादी आहे. जळगावच्या सराफ्यातलं सोनं गळ्यात घालून पुढच्या बाकावर बसणाऱ्या बायांपुढे ते वचन वाचून दाखवायची छाती मला कुणात दिसली नाही.

हे सगळं बैठकीत फेकून मारायला सांगत नाही. तुला माहीत असावं, म्हणून लिहिलं.

आता करायचं काय? नवापूरकडच्या खेड्यांत भक्तीला जाशील तिथे पंजाबी ड्रेस घाल आणि वाचताना डोक्यावर ओढणी घे. सतरंजीवर मांडी घालून बसायचं असतं, बाया एका अंगाला, गडी एका अंगाला, आणि घट्ट जीन्समध्ये तासभर बसणं म्हणजे पायाला मुंग्या. तिथल्या म्हाताऱ्या पदर घेतात तो कुणाच्या धाकाने नाही. शेतात, बाजारात, सासऱ्यापुढे त्यांचा पदर डोक्यावरच असतो. यातल्या कितीतरी जणींच्या कपाळावर, हातांवर गोंदण आहे. गोंदून घेऊ नका असं लेवीय 19:28 मध्ये लिहिलेलं आहे, तरी प्रभुभोजनाच्या वेळी त्यांचे हात कुणी तपासत नाही. मंडळीला कुठे डोळे मिटायचे ते बरोबर कळतं. तुझ्या जीन्सच्या वेळी ते मिटले नाहीत, एवढंच.

एक बारीकसं सांगते. सुरतेची ती सुळसुळीत जॉर्जेटची ओढणी वाचताना घेऊ नकोस. एका हातात पवित्र शास्त्र, दुसऱ्या हातात माइक, आणि ओढणी दर दुसऱ्या वचनाला मागे घसरते. ऐकणाऱ्यांचं लक्ष वचनावर न राहता ओढणी आता पडते की मग, याच्यावर राहतं. सुती घे, कानामागे दोन पिना लाव. शुभ शुक्रवारी, गुड फ्रायडेला, बारा ते तीन, एप्रिलच्या उन्हात, पत्र्याखाली बसायचं असेल तर पॉलिस्टरच्या वाटेलाही जाऊ नकोस.

शहरातल्या तुझ्या स्वतःच्या मंडळीत मात्र गप्प बसू नकोस. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर एक अक्षर टाकायचं नाही. तिथे सासू-सुनांची भांडणंही पंचांपर्यंत जातात. पाळकबाईंना घरी जाऊन भेट. मग पंचमंडळाला चार ओळींचा अर्ज दे: पोशाखाचा नियम असेल तर लिहून काढा, मुलगे-मुली दोघांना लावा, आणि चुकलं तर ज्याचं त्याला बाजूला घेऊन सांगा. चारचौघांत बोलणं हा त्या दिवशीचा खरा दोष होता, आणि हे पंचांपैकी दोघे-तिघे तरी मान्य करतील. उरलेल्यांना नियम लिहायला बसवलंस की त्यांचं आपसातच जमणार नाही. बाह्या कोपरापर्यंत की मनगटापर्यंत, यावर दोन बैठका जातील.

कुंकू-टिकलीचा वाद यात ओढू नकोस. तो वेगळा आहे, घराघरांतला आहे.

आणि एक माझ्यासाठी कर. नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्यांच्या पोरी तुझ्या वर्गात मध्येच येतात, मध्येच जातात. नाताळात सगळ्यांच्या अंगावर कोरे कपडे असतात आणि यातली एखादी विटक्या फ्रॉकवर, ओढणीबिढणी काही न घेता दाराशी घुटमळते. याकोबाच्या पत्रातला दुसरा अध्याय, सोन्याची अंगठी घालून येणारा आणि मळक्या कपड्यांत येणारा यांत भेद करू नये, हा धडा तू पोरांना शिकवतेसच. नाताळच्या कार्यक्रमात पाळणागीताला, मरीयेच्या भूमिकेला कुणाला उभं करायचं हे तुझ्या हातात आहे. 'ड्रेस स्वतःचा आणावा' ही ओळ सूचनेतून काढून टाक. पांढरी चादर आणि निळी ओढणी मंडळीच्या पेटीत ठेव, आणि ज्या पोरीचा आवाज चांगला तिला दे.

अर्ज देण्याआधी मला वाचून दाखव. शुद्धलेखन तुझं कच्चं आहे, आणि पंच तेवढंच बघतील.

तुझी,
मावशी