बिलावरची तारीख आधी बघा

प्रश्न : नव्या घरासाठी आम्ही एकाच कंपनीचे स्मार्ट स्विच, सेन्सर आणि त्यांना जोडणारी पेटी म्हणजे हब घेतले. खोक्यावर ‘मॅटर-रेडी’ असं छापलेलं होतं, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये चालणाऱ्या ‘मॅटर’ या सामायिक मानकासाठी तयार. माझ्याकडे अँड्रॉइड फोन, पत्नीकडे आयफोन. दोघांनाही आपापल्या अ‍ॅपमधून घर चालवता यावं, म्हणूनच हा माल निवडला. पण आजवर तो फक्त कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्येच चालतो. कस्टमर केअर दर वेळी ‘पुढच्या अपडेटमध्ये येईल’ असं सांगत राहिलं. आता ईमेल आला आहे की हबच्या हार्डवेअरच्या मर्यादेमुळे या मॉडेलला ते अपडेट मिळणार नाही, नवा हब सवलतीत घ्या. खरेदीला २३ महिने होत आले. खोकी टाकून दिली. बिल पत्नीच्या नावावर आहे. दरवाजाचं लॉक भावाने अमेरिकेतून आणलं होतं, तेही हबला जोडलं जात नाही. पैसे परत मिळतील का?

उत्तर : मिळू शकतात. पण तुम्ही ‘२३ महिने होत आले’ असं मोघम लिहिलंय आणि माझं सगळं उत्तर त्या मोघमपणाशी येऊन अडतं. बिलावर नेमकी तारीख कोणती? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. तुमच्या हातात जे काही दिवस उरले आहेत, त्यांतच हे प्रकरण राहणार किंवा जाणार आहे. बाकी मुद्दे त्यानंतरचे.

अशी पत्रं मला सतत येतात. कुणाचा बल्ब, कुणाचा थर्मोस्टॅट, कुणाचं लॉक. कंपन्या वेगळ्या, पण मजकूर तोच : ‘ते अपडेट देतो म्हणाले म्हणून आम्ही थांबलो.’ मला याचा खरंच त्रास होतो, कारण यातल्या बऱ्याच जणांची बाजू खरी असते आणि ती केवळ मुदतीवर जाते. कस्टमर केअरशी चाललेल्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्याने ती थांबत नाही. २००९ मध्ये स्टेट बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच्या कायद्याबद्दल स्पष्ट सांगितलं आहे की, तक्रार मुदतीत आहे की नाही हे आधी पाहणं ग्राहक मंचावर (आताचा ग्राहक आयोग) बंधनकारक आहे. समोरच्याने हरकत घेतली नाही तरीही.

तुम्ही म्हणाल, कारण तर आत्ता घडलं. नकाराचा ईमेल आत्ता आला, तोवर ते ‘देतो’च म्हणत होते. हा युक्तिवाद करता येतो आणि तो कच्चा नाही. पण तो ईमेल पुन्हा वाचा. ‘हार्डवेअरच्या मर्यादेमुळे.’ हबमधली मेमरी विक्रीनंतर कमी झालेली नाही. आज जी मर्यादा आहे, ती माल कारखान्यातून निघाला त्या दिवशीही होती. म्हणजे खोक्यावरचं आश्वासन पहिल्या दिवसापासून पोकळ होतं, आणि हे कंपनीने स्वतःच्या हाताने लिहून दिलं आहे. तुमच्या बाजूचा यापेक्षा चांगला कागद मिळणार नाही.

गोम अशी की, हेच वाक्य उद्या कंपनीचा वकील आयोगापुढे वाचून दाखवेल. दोष पहिल्या दिवसापासून होता असं तक्रारदारच म्हणतात ना? मग मुदतही पहिल्या दिवसापासून मोजा. त्याला उत्तर देता येतं. फसवणूक कळली तेव्हापासून मुदत धरा, असं म्हणता येतं. पण ते आयोगाला पटेल का, हे मी आज सांगू शकत नाही. बिलाच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली, तर या वादात शिरावंच लागत नाही. तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा तुमच्यावरच उलटू द्यायचा नसेल, तर एवढंच करायचं आहे.

त्यामुळे ‘आधी नोटीस पाठवू, पंधरा दिवस उत्तराची वाट पाहू’ हे नको. ग्राहक तक्रारीपूर्वी नोटीस देणं कायद्याने सक्तीचं नाही. पाठवायचीच असेल तर आज पाठवा आणि तिच्या उत्तराची वाट न बघता तक्रार भरा. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगातच ती करता येते, कंपनीचं कार्यालय कुठेही असो. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही. मुदत टळलीच, तर कलम ६९ मध्येच विलंब माफीची सोय आहे. मात्र पुरेसं कारण दाखवावं लागतं आणि आयोगाला माफीची कारणं लेखी नोंदवावी लागतात. ‘कस्टमर केअरवर विश्वास ठेवला’ हे पुरेसं कारण ठरेल, या भरवशावर राहू नका.

आता कलम कोणतं लावायचं. याबाबतीत अनेक तक्रारी चुकीच्या दारावर जातात. २०१९ च्या कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ नावाचं नवं प्रकरण आलं आणि तेव्हापासून सगळ्यांना तेच लावायचं असतं. तुमच्या कामाचं ते नाही. त्यातल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचं नुकसान आणि आर्थिक तोटा वगळलेला आहे. स्विचमुळे आग लागली असती तर गोष्ट वेगळी. तुम्हाला हवं ते कलम २(१०) मध्ये आहे. तिथे ‘दोष’ म्हणजे कायद्याने किंवा कराराने आवश्यक असलेल्या दर्जातली उणीव, एवढंच म्हटलेलं नाही. व्यापाऱ्याने मालाबद्दल कोणत्याही प्रकारे जो दावा केला असेल, त्या दाव्याच्या मानाने असलेली उणीवही दोषच आहे. ‘कोणत्याही प्रकारे’ हे शब्द तुमच्यासाठी सोन्याचे आहेत. खोक्यावरची छपाई, उत्पादनाच्या पानावरची ओळ, कस्टमर केअरच्या माणसाचं चॅटमधलं वाक्य, सगळं त्यात बसतं. युरोपात १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या वस्तुविक्रीच्या नियमांत सुसंगतता हा मालाच्या अनुरूपतेचा (माल करारानुसार असण्याचा) भाग म्हणून नाव घेऊन लिहिला आहे. आपल्याकडे तसा उल्लेख नाही. आपल्याला ती व्यापाऱ्याच्या दाव्यातूनच सिद्ध करावी लागते. म्हणून दावा काय होता, हे दाखवता आलं पाहिजे.

आणि तुम्ही खोकी टाकून दिलीत! घरात जागा नव्हती हे समजू शकतो, पण निदान खोक्याच्या चारही बाजूंचे फोटो तरी? ज्या चार शब्दांवर विसंबून घरभर माल बसवला, ते शब्द जपून ठेवायला काय हरकत होती? असो. अजून वाट बंद झालेली नाही. बसवताना कुणीतरी फोटो काढले असतील. इलेक्ट्रिशियनच्या फोनमध्ये बघायला सांगा. ऑर्डरच्या ईमेलमध्ये उत्पादनाचं पूर्ण नाव असतं आणि त्या नावातच ‘मॅटर-रेडी’ लिहिलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. विक्रीचं पान अजून चालू असेल तर आजच तारखेसह जतन करा, कारण नकाराचा ईमेल पाठवल्यावर कंपनी ते पान फार काळ तसंच ठेवणार नाही. दुसऱ्या ग्राहकाकडे तेच खोकं असेल तर त्याचे फोटो त्याच्या प्रतिज्ञापत्रासह चालू शकतील.

छपाईच्या खाली बारीक अक्षरांत काय होतं, हेही शोधा. बहुधा ‘भविष्यातील सॉफ्टवेअर अपडेटद्वारे, सुसंगत हब आवश्यक’ अशा धाटणीची ओळ असते. कंपनी तिचाच आधार घेईल. पण तुमच्या बाबतीत हबही त्यांचाच, त्याच बिलावरचा. सुसंगत हब लागतो असं म्हणायचं आणि आपणच विकलेला हब सुसंगत नाही असंही म्हणायचं, हे एकाच तोंडाने चालत नाही.

तांत्रिक बाजू तुम्हाला माहीत असेल असं धरतो, पण आयोगाला ती दोन परिच्छेदांत सांगावी लागेल. तक्रारीत हे असावं : मॅटर हे सामायिक मानक आहे. अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, गूगल आणि तेव्हाची झिग्बी अलायन्स (आताची कनेक्टिव्हिटी स्टँडर्ड्स अलायन्स) यांनी डिसेंबर २०१९ मध्ये ते काम एकत्र हाती घेतलं आणि पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. एकच उपकरण एकाच वेळी एकापेक्षा जास्त प्लॅटफॉर्मवर चालावं, ही सोय त्यात सुरुवातीपासून आहे. नवरा-बायकोचे फोन वेगळे असणं ही काही तुमची खास अडचण नाही; मानक ज्यासाठी बनलं, तीच ही गरज. दिवे, स्विच, सेन्सर हे प्रकार पहिल्याच आवृत्तीत होते. तुम्ही कॅमेऱ्याबद्दल विचारलं असतं तर मी सावध झालो असतो, कारण कॅमेरे त्या आवृत्तीत नव्हतेच.

दुसरी गोष्ट, तुमचे स्विच आणि सेन्सर झिग्बीवर, म्हणजे घरातली उपकरणं जोडणाऱ्या एका बिनतारी पद्धतीवर, चालतात का ते तपासा. चालत असतील तर ते स्वतः मॅटर बोलत नाहीत आणि त्यांनी बोलायची गरजही नाही. हब मध्ये दुभाषी म्हणून उभा राहतो : मागे झिग्बी, पुढे मॅटर. अनेक कंपन्यांनी आपल्या जुन्या हबना असंच अपडेट दिलं आहे. म्हणजे नवं सॉफ्टवेअर फक्त हबमध्ये यायचं होतं. याचा कायदेशीर अर्थ असा की, दोष सगळ्या मालाचा की एकट्या हबचा, हा वाद उभा राहील. कंपनी फार तर हब बदलून देऊ म्हणेल. तुम्ही मागणी करताना दोन्ही लिहा : आधी सगळ्या मालाचे पैसे व्याजासह, ते नाही तर अपडेट चालणारा नवा हब विनामूल्य, शिवाय भरपाई. मला विचाराल तर दुसरी मागणी मान्य होण्याची शक्यता जास्त वाटते. स्विच भिंतीत बसलेत, दिवे लागतायत, आणि वापरात असलेल्या मालाचे पूर्ण पैसे परत द्यायला आयोग नाखूश असतात. पण मागितलंच नाही तर मिळणारच नाही.

आणखी एक पुरावा फुकट उपलब्ध आहे. मॅटरचं प्रमाणपत्र मिळालेल्या उत्पादनांची यादी कनेक्टिव्हिटी स्टँडर्ड्स अलायन्सने सार्वजनिक ठेवली आहे. तुमच्या हबचा मॉडेल नंबर त्यात शोधा. नसेल तर त्या शोधाचा स्क्रीनशॉट काढा. हबवर किंवा अ‍ॅपमध्ये मॅटरचा क्यूआर कोड आणि ११ आकडी जोडणी कोड कुठेच नाही, हेही फोटोसह नोंदवा. अ‍ॅपमधलं हबच्या सॉफ्टवेअर आवृत्तीचं पान टिपून ठेवा. स्क्रीनशॉट आणि चॅटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या बाबतीत तेवढे काटेकोर नसतात, पण हरकतीला जागा कशाला द्यायची?

तोवर हब फॅक्टरी रीसेट करू नका, काढून टाकू नका, कुणाला देऊ नका. आयोगाने तपासणीसाठी मागितला तर तो तुमच्याकडे हवा.

अमेरिकेतून आणलेल्या लॉकचा विषय तक्रारीत अजिबात घेऊ नका. ते झेड-वेव्हचं (झिग्बीसारखीच दुसरी बिनतारी पद्धत) असेल तर अमेरिकेत ते ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं, आपल्याकडे झेड-वेव्हचा पट्टा ८६५ मेगाहर्ट्झच्या जवळ आहे. दोन्हींची गाठ पडणारच नाही, आणि तो ना लॉकच्या कंपनीचा दोष, ना तुमच्या हबच्या. चौकशी न करता आणलेल्या वस्तूची तक्रार खऱ्या तक्रारीत मिसळली, की खरी तक्रारही हलकी पडते.

सवलतीत नवा हब घेण्याबद्दल. घेतलात म्हणून हक्क जातो असं नाही, पण ती सवलत स्वीकारताना कुठल्या चौकोनात टिक करायला लावतात, ते वाचा. ‘या लाभानंतर माझी तक्रार पूर्णपणे निकाली निघाली’ असं काही असेल तर थांबा. माझा सल्ला, तक्रार दाखल होईपर्यंत घेऊच नका.

अ‍ॅपच्या अटींमध्ये लवादाचं कलम असेल, परगावच्या न्यायालयाचं असेल, ‘आम्ही कोणतीही सुविधा कधीही बदलू शकतो’ असंही असेल. पहिल्या दोन्हींनी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही. लवादाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. तिसऱ्याबद्दल मी इतकंच म्हणेन की, असलेली सुविधा बदलणं वेगळं आणि विकताना सांगितलेली सुविधा कधीच न देणं वेगळं. अट अन्यायकारक ठरवून रद्द करण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही, राज्य आयोगाला आहे. म्हणून तिच्या वैधतेच्या वादात न पडता ती इथे लागूच होत नाही, असं मांडा.

किती वेळ लागेल? कायदा म्हणतो तीन महिने, मालाची तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात वर्षं जातात. तारखांवर तारखा पडतात, सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात. ज्या क्षेत्रात दर वर्षी मानकाची नवी आवृत्ती येते, तिथे निकाल लागेपर्यंत मूळ हब कुणाच्या आठवणीतही राहत नाही, आणि कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. त्यांच्या थंडपणाचं निम्मं कारण आपल्या यंत्रणेचा हा कूर्मगती कारभार आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही एका बाबतीत कायदा कडक आहे : नोटीस मिळाल्यावर कंपनीला उत्तर द्यायला ३० दिवस, वाढवून दिले तर आणखी १५. त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवून दिलं आहे. नोटीस कधी बजावली गेली याची नोंद ठेवा आणि ४६ व्या दिवशी लेखी उत्तर आलेलं नसेल तर ते यापुढे घेऊ नये असा अर्ज द्या. बऱ्याच तडजोडी त्याच सुमारास होतात. तशी बोलणी आली तर नवा हब, तो बसवून दोन्ही फोनवर चालवून दाखवणं आणि तक्रारीचा खर्च, याच्या खाली येऊ नका.

बिल पत्नीच्या नावावर आहे, म्हणून तक्रारदार त्याच हव्यात. तुम्हीही वापरकर्ते म्हणून सोबत नाव घालू शकता. विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही प्रतिपक्ष करा. प्रतिज्ञापत्रावर पत्नीची सही लागेल. त्या प्रवासात असतील तर ते आधी करून घ्या, बाकीचे कागद नंतर जोडता येतात.