लेक आर्गाइलच्या काठी तीन रात्री : मधला दिवस मोकळा ठेवा

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियात डार्विनला असतो. येत्या जुलैत तो, सून, सात वर्षांची नात आणि आम्ही दोघे (यजमान ६८, मी ६४) भाड्याची कॅरव्हॅन (चाकांवरचे छोटे घर) गाडीला जोडून डार्विनहून ब्रूमला जाणार आहोत. वाटेत लेक आर्गाइल या सरोवराकाठी तीन रात्री राहावे, असे मुलाचे म्हणणे आहे. यजमानांच्या मते पाणी पाहायला एक रात्र पुरे. "तलाव काय, आपल्या ठाण्यातही आहेत," असे ते म्हणतात. तिथे मगरी आहेत हे ऐकल्यापासून मला मात्र नातीची काळजी लागली आहे. आपण काय सुचवाल?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : मुलाचे म्हणणे मानावे आणि तीन रात्रींपैकी एकही कमी करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. डार्विनपासून हे सरोवर सुमारे सव्वाआठशे किलोमीटरवर आहे, म्हणजे ठाण्याहून नागपूर गाठण्याइतके. पण आपल्याकडे वाटेत गावांमागून गावे लागतात, तर तिथे कॅथरीन गाव सोडल्यानंतर व्हिक्टोरिया रिव्हरचा थांबा आणि टिंबर क्रीक एवढीच काय ती वस्ती. सरोवरानंतर ब्रूमपर्यंत आणखी हजार-अकराशे किलोमीटर उरतात. प्रवासाच्या जवळपास मध्यावर आलेला हा मुक्काम आहे आणि इतक्या लांबच्या रस्त्याचा शीण पहिल्या रात्री कळतही नाही. तो दुसऱ्या दिवशी अंगात उतरतो. त्याच दिवशी पुन्हा गाडीत बसावे लागले, तर गुडघे, कंबर आणि गाडी चालवणाऱ्या मुलाचे डोळे तिन्ही कुरकुरू लागतात.

एका रात्रीत नेमके काय हाती लागते, हेही पाहावे. कॅरव्हॅन म्हणजे हॉटेलची खोली नव्हे. पोहोचल्यावर ती जागेवर लावायची, चाकाखाली ठोकळे सरकवून समतल करायची, गाडीपासून सोडवायची, चारही कोपऱ्यांचे पाय खाली घ्यायचे, विजेची केबल आणि पाण्याची नळी जोडायची. नवख्या माणसाचा यात पाऊण तास सहज जातो, आणि निघताना हेच सारे उलट क्रमाने करावे लागते. त्यातच वेस्टर्न ऑस्ट्रेलिया या राज्याच्या हद्दीत शिरताना घड्याळ दीड तास मागे घ्यावे लागते, त्यामुळे जुलैत तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी साडेचारला पोहोचलेल्या कुटुंबाच्या वाट्याला सरोवर येते ते अंधारातच. तिन्हीसांजेला कांगारू आणि मोकळी गुरे रस्त्यावर येतात. म्हणून अंधार पडल्यावर कॅरव्हॅन ओढत जाण्याचा विचारही करू नये.

यजमानांचे बोलणे मला मनापासून पटते, कारण संध्याकाळी तलावपाळीला कट्ट्यावर बसण्याची सवय असलेल्या माणसालाच पाण्याकाठी नुसते बसता येते. मात्र हे पाणी निराळे आहे. ऑर्ड नदीवर १९७१ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या धरणामागे ते साठले आहे, आणि जलाशय भरलेला असताना त्याचा विस्तार सुमारे एक हजार चौरस किलोमीटर होतो, म्हणजे आजच्या ठाणे जिल्ह्याच्या जवळपास पाव भाग. त्यात दिसणारी बेटे म्हणजे बुडालेल्या डोंगरांचे माथे आहेत. मिरिवूंग या तिथल्या मूळ रहिवाशांची पिढ्यान् पिढ्यांची भूमी या पाण्याखाली गेली. ड्युरॅक या गुरेपालक घराण्याचे दगडी घर मात्र आधी उतरवून घेण्यात आले आणि पुढे सरोवराजवळ पुन्हा उभारले गेले. आज तिथे संग्रहालय आहे. बारवी धरणाची उंची वाढली तेव्हा गाव सोडावे लागलेली माणसे ज्यांनी जवळून पाहिली आहेत, त्यांना त्या घराच्या दगडांपुढे थोडा वेळ थांबावेसे वाटेल.

आता मगरींविषयी. या सरोवरात हजारो मगरी आहेत, पण त्या गोड्या पाण्यातल्या, निमुळत्या तोंडाच्या आणि प्रामुख्याने मासे खाणाऱ्या. त्या माणसापासून लांब राहतात. डिवचल्यास मात्र चावतात. या सरोवरात पोहण्याच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धाही होतात. खरा धोका खाऱ्या पाण्यातल्या मगरीचा असतो, जी धरणाच्या खालच्या अंगाला ऑर्ड नदीत आणि तुमच्या वाटेवरच्या व्हिक्टोरिया नदीतही आढळते. तिथे नातीचा हात धरूनसुद्धा काठाशी जाऊ नये. सरोवराकाठच्या कॅरव्हॅन पार्कमध्ये कड्याच्या टोकाशी पोहण्याचा तलाव आहे. सात वर्षांच्या मुलीला तो पुरेसा आहे.

स्वयंपाकाची आखणी आधी करावी. राज्याच्या सीमेवर तपासणी नाका आहे आणि ताजी फळे, भाज्या, मध तिथे काढून द्यावे लागतात. कढीपत्ता, कोथिंबीर आणि लिंबेही त्यातच आली. सरोवराचा फाटा नाका ओलांडल्यावर लगेच लागतो आणि भाजीचे दुकान असलेले कुननुरा गाव सरोवरापासून सत्तर किलोमीटरवर आहे. म्हणून भाज्या टिंबर क्रीकपर्यंत शिजवून संपवाव्यात आणि डाळ-तांदूळ, पोहे, पिठे यांवर तीन दिवस निभतील असे पाहावे. आमच्या मुक्कामात तिन्ही रात्री मुगाच्या डाळीची खिचडी होती, आणि फोडणीत कढीपत्ता नसल्याचे कोणाच्याही ध्यानात आले नाही.

मधल्या दिवशी काहीही ठरवू नये. बोटीची सफर करायची असेल तर ती तिसऱ्या दिवशी करावी. तीत पाण्याची पिचकारी मारून खाद्य टिपणारे मासे नातीला दाखवता येतील. मधल्या दिवशी पहाटे घडीच्या खुर्च्या आणि चहाचा थर्मास घेऊन दोघांनी कड्याशी जाऊन बसावे. समोरचे खडक आधी करडे दिसतात, मग विटकरी होतात आणि उन्हाची तिरीप पडली की पेटल्यासारखे लाल होतात. पाण्यातही तोच रंग उतरतो, तो वारा उठेपर्यंत टिकतो. मी त्या सकाळी चहा कपातच गार होऊ दिला होता.

रात्री दिवे मालवून नातीला आकाश दाखवावे. ठाण्याहून वृश्चिकेतली तांबूस ज्येष्ठा दक्षिणेकडे अर्ध्या उंचीवर दिसते. तिथे जुलैच्या रात्री ती जवळजवळ डोक्यावर येते आणि आकाशगंगेचा सर्वांत दाट पट्टा तिच्या शेजारूनच जातो. या मोसमात तिथे पाऊस नसतो, त्यामुळे आकाश बहुधा निरभ्र मिळते. रात्री गारवा असतो, तेव्हा शाल जवळ असू द्यावी.

औषधे पूर्ण प्रवासाला पुरतील इतकी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवावीत, कारण रुग्णालय आहे ते कुननुरात. चौथ्या दिवशी निघताना तिथेच इंधन आणि पाण्याची टाकी भरून घ्यावी. पुढचे मोठे गाव, हॉल्स क्रीक, तिथून साडेतीनशे किलोमीटरहून लांब आहे.